उलट्या पायांचा घोडा

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक उभे होते. एका हातात वही, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल. त्यांनी विचारलं, "गच्चीवर जे मेलंय, ते तुमचं का?"

आरेखकाच्या अर्ध्या चेहऱ्याला साबण होता. तो म्हणाला, "हो."

‘हो’ का म्हणालात, असं बायकोने त्याला पुढे अनेकदा विचारलं.  खरं कारण असं, की दहा आठवडे तो कुणीतरी हा प्रश्न विचारेल याची वाट बघत होता. गच्चीवर ताडपत्रीखाली जे उभं होतं ते कागद, तार, नळीचे तुकडे आणि रंगारी भेगा बुजवायला वापरतात ती लांबी यांचं होतं. ते मेलेलं आहे असं एका सरकारी माणसाला वाटावं, ही त्याच्या कामाला मिळालेली पहिली पोच होती. आणि पोच समोर आली की तो सही करत असे. नोकरीची सव्वीस वर्षं त्याने हेच केलं होतं.

नोकरी पाणीपुरवठा खात्यात. जमिनीखालून कुठला नळ कुठे जातो याचे नकाशे तो काढायचा. नकाशा बिनचूक असला तर काढणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. चुकला तर रस्ता दोनदा खणावा लागतो, आणि मग सगळं गाव विचारतं. त्याचा एकही नकाशा चुकला नव्हता, त्यामुळे गेल्या वर्षापर्यंत त्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

गेल्या वर्षी त्याने खात्याच्या नाट्यमंडळासाठी दार केलं. चित्रातलं नव्हे, खरं दार, चौकटीत बसवलेलं. प्रयोगाच्या दिवशी हवा दमट होती. लाकूड सूतभर फुगलं आणि दुसऱ्या अंकात दार उघडेना. वडील गेल्याची बातमी घेऊन येणारा मुलगा बाहेरच राहिला. दोन मिनिटं धडका दिल्यावर त्याने ती बातमी फटीतून ओरडून सांगितली. आतल्या आईने पदरात तोंड लपवलं, ते रडण्यासाठी नव्हतं. तेव्हापासून शिपायापासून वरिष्ठ अभियंत्यापर्यंत सगळे त्याला दारसाहेब म्हणतात. एकदा टपालसुद्धा त्या नावाने आलं आणि बिनचूक त्याच्याच टेबलावर पोचलं.

निवृत्तीला अजून सात वर्षं होती. निरोपसमारंभात हार घालताना कुणीतरी ‘आपले लाडके दारसाहेब’ म्हणणार, हे त्याला रोज झोपताना दिसायचं. म्हणून यंदाच्या नाटकाच्या बैठकीत, संहितेत ‘मागे जनावराचा सांगाडा’ असं वाचलं गेलं तेव्हा त्याने हात वर केला.

नाटक एका गाडीवानाचं होतं. घोडा मेल्यावर तो शेवटच्या अंकात त्याच्या हाडांशी बारा मिनिटं बोलतो. दिग्दर्शक, जे ऑफिसात आस्थापना विभागाचे मुख्य लिपिक होते, म्हणाले, "काळ्या पडद्यावर खडूने काढू. कशाला उगाच."

"मी करतो," आरेखक म्हणाला. "खरा वाटेल असा."

 मग लेखापाल म्हणाले, "उघडेल ना?"

त्यावर बैठकीत झालेला हसण्याचा आवाज अठ्ठावीस जणांचा होता. आरेखकाने मोजला.

घोडा बघायला तो पशुवैद्यक महाविद्यालयाच्या संग्रहालयात गेला. आधी अर्ज केला. अकरा दिवसांनी उत्तर आलं, ‘सांगाडा पाहण्यास हरकत नाही.’ तिथल्या पहारेकऱ्याने ते पत्र दोनदा वाचलं आणि आरेखकाने खिशातून टेप काढताच हात आडवा घातला.

"टेप आत ठेवा."

"मोजायचंय हो."

"कागदावर पाहणे आहे. मोजणे नाही."

"बघता बघताच मोजतो."

"मग हात पाठीमागे धरून बघा."

मोजण्यासाठी वेगळा अर्ज करायचा तर आणखी अकरा दिवस. पण सव्वीस वर्षं ज्याने न दिसणारे नळ काढले त्याला न मोजता मोजणं अवघड नव्हतं. संग्रहालयाच्या जमिनीवर एक फुटी फरश्या होत्या. त्याने हात पाठीमागे धरले, फरश्या मोजल्या, भिंतीवरच्या विटांचे थर मोजले, आणि बाहेर बाकावर येऊन सगळं कागदावर उतरवलं. चार वेळा गेला, चार अर्ध्या रजा घालवल्या. जाताजाता सवयीने संग्रहालयाच्या दाराची रुंदीही नजरेने घेतली. दार या विषयावर तो आता गाफील राहत नसे. बरगड्या अठरा जोड्या, म्हणजे छत्तीस. मणके त्याने तीनदा मोजले. जसं होतं तसं, हाडाला हाड, त्यातली कणभर गोष्टही त्याने आपल्या मनाने बदलली नाही. या वाक्याचा पुढे त्याला फार त्रास होणार होता.

घोडा घरी, बैठकीच्या खोलीत तयार झाला. आत तार आणि नळ्या. वाऱ्याने किंवा नटाने पडू नये म्हणून नळ्यांत वाळू. वर कागदाचे थर, मैद्याच्या खळीने चिकटवलेले. बायको शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या माळ्यावर सातवीच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, ते सगळे घोड्यात गेले. थरांवर लांबी, लांबीवर पॉलिशपेपर, आणि शेवटी चहाचं पाणी, सात हात. बोटाने टकटक केलं की हाडासारखा आवाज यावा यासाठी त्याने एकट्या लांबीवर अकरा दिवस घालवले. बायको मागच्या पायांच्या मधे खुर्ची टाकून पेपर तपासायची. तिने एकदाच तक्रार केली. "पाहुणे येतात ते आधी त्याच्याकडे बघतात आणि मग माझी तब्येत विचारतात."

खालच्या मजल्यावर निवृत्त कंपाउंडर राहायचे. ते सोसायटीचे सचिवही होते, त्यामुळे कुणाच्याही घरात बसून सल्ला देणं हे त्यांना कर्तव्य वाटायचं. रोज संध्याकाळी सहा वाजता कंपाउंडर काका येऊन घोड्यासमोर बसत.

"जरा हसतोय तो. मेलेला घोडा एवढा हसत नाही."

"दात आहेत ते, काका."

"मग दोन कमी करा. आणि खळीत मोरचूद घाला हो. नाहीतर आंबेल."

दहा आठवड्यांत काकांनी सत्तावीस सल्ले दिले. त्यांचा एकही ऐकायचा नाही, असं आरेखकाचं तत्त्व होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच सल्ल्याने न्हाणीघराचा एक नळ भिंतीच्या आत गेला होता आणि अजून तिथेच होता. सत्तावीसपैकी सव्वीस सल्ले न ऐकण्याजोगेच होते. उरला तो मोरचुदाचा.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी साडेसहाचा. आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी घोडा सुटा करून वाळवायला गच्चीवर नेला आणि तिथे पुन्हा उभा केला. जिन्यातली वळणं आणि वाटेतली सगळी दारं आधीच मोजलेली होती, कुठे साधं खरचटलंही नाही. मग तीन दिवस हवा कोंदट झाली. ताडपत्रीखाली, लांबीच्या आत, सातवीचा भूगोल आंबू लागला. रविवारी कठड्यावर एक कावळा होता. सोमवारी चौदा होते. सोमवारी संध्याकाळी सर्वांत वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नगरपालिकेला फोन केला.

तर मंगळवारी साडेसात वाजता गच्चीवर निरीक्षक, आरेखक, त्याची बायको आणि न बोलावता आलेले कंपाउंडर काका होते. आरेखकाचा अर्धा गाल अजून साबणाचा होता.

"हे कागदाचं आहे," तो म्हणाला.

"तुम्ही मघाशी मेलंय म्हणालात."

"म्हणजे मेल्यासारखं आहे."

निरीक्षकांनी वही उघडून दाखवली. "माझ्याकडे रकाने दोनच. कुत्र्यापेक्षा लहान, कुत्र्यापेक्षा मोठं. कागदाचं असा रकानाच नाही. तसं पशुवैद्यकाकडून लिहून आणा, मी वही मिटतो."

"वास खळीचा आहे," काका म्हणाले. "मी मोरचूद सांगितलं होतं."

हे वाक्य त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य होतं. ते कुणी ऐकलं नाही.

नगरपालिकेचे पशुवैद्यक पावणेदहाला आले. वयस्कर, सावकाश, जाड चष्मा. त्यांनी ताडपत्री काढायला लावली आणि ते बघतच राहिले. मानेवर बोटाने टकटक केलं. आवाज हाडाचा आला. खांद्याखाली हात घालून उचलायला गेले. वाळूमुळे हललाही नाही.  अकरा दिवसांची लांबी आणि दोन पोती वाळू त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती.

"डॉक्टरसाहेब, एवढंच लिहून द्या, की हे कागदाचं आहे."

"हाड आहे की नाही ते मी सांगू शकतो," डॉक्टर म्हणाले. "कागद आहे की नाही, हे माझ्या अखत्यारीत येत नाही." असं म्हणत ते मागच्या बाजूला गेले, खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे कुठून आणलं?"

"केलंय."

"मागचे पाय उलटे आहेत."

"भुताचे असतात," काका म्हणाले.

"डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. असा सांगाडा जगात एकच आहे, आमच्या महाविद्यालयात. कुणीतरी चुकीचा बसवला, तो तसाच राहिला. परीक्षेत त्यावर मला प्रश्न होता. मी नापास झालो होतो." त्यांनी चष्मा पुसला. "हा तो घोडा आहे. मी विसरणं शक्य नाही."

आरेखकाच्या मनात पहिला विचार आला तो चोरीच्या आळाचा नव्हता. पहिला विचार असा, की त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा एक आकृती चुकली आणि ती त्याने बिनचूक चुकवली. दुसरा विचार चोरीचा.

महाविद्यालयात फोन झाला. संग्रहालय रंगकामासाठी बंद होतं, सोमवारी उघडणार. आतल्या वस्तू सुट्या करून कुठेतरी ठेवल्या होत्या. कुठे, ते संग्रहपालांना ठाऊक. संग्रहपाल रजेवर, किल्ली त्यांच्याकडे, नोंदवही कपाटात, कपाट आत. घोडा जागेवर आहे का, यावर होय किंवा नाही यांपैकी काहीही सांगता येत नव्हतं. त्यांनी पहारेकऱ्याला पाठवलं. त्याने आरेखकाला बघताच ओळखलं.

"हेच ते साहेब. चार वेळा आले. एकटेच. हात मागे धरून फरश्या मोजायचे. जाताना दाराकडे बघायचे."

"हात मागे तुम्हीच धरायला लावलेत ना," आरेखक म्हणाला.

"फरश्या मोजायला मी सांगितलं नव्हतं."

निरीक्षकांनी वहीत तिसरा रकाना आखला.

तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एक हाड तोडून दाखवा ना."

सगळे तिच्याकडे बघू लागले. सरळ उपाय होता. आरेखकाने करवत आणली आणि घोड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. शेवटी प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूची अठरावी बरगडी निवडली. करवत चालवताना त्याने डोळे मिटले होते, त्यामुळे थोडं तिरकं गेलं. बरगडी हातात आली. आतून आंबट वास आणि कागदाची सुरळी निघाली. निरीक्षकांनी ती उलगडली आणि मोठ्याने वाचली. "वाळवंट म्हणजे काय? जिथे पाणी येत नाही तो भाग. गुण अर्धा."

"मी तपासलाय तो," बायको म्हणाली. "अर्धा जास्तच दिला."

आरेखकाने सुटकेचा श्वास घेतला. घ्यायला नको होता.

"आमच्या घोड्याच्या दोन बरगड्या झाडताना फुटल्या होत्या," डॉक्टर आठवत म्हणाले. "त्या कागदाच्या करून बसवल्या. त्यातलीच ही असणार."

"कुठल्या दोन?"

"नोंदवहीत असेल."

बायकोने पदर खोचला. "साहेब, नक्की किती तोडल्या म्हणजे तुम्हाला पटेल? आधीच सांगा, म्हणजे आम्ही त्या हिशोबाने तोडू."

निरीक्षक प्रामाणिक माणूस होते. त्यांनी विचार केला. "तसं बघायला गेलं तर, वहिनी, सगळ्या."

आरेखकाने करवत मागे घेतली. बारा वाजता घोड्याच्या मानेला चिठ्ठी बांधली गेली. ‘शासकीय मालमत्ता (संशयित). हलवू नये.’ शेजारी स्टूल टाकून पहारेकरी बसला.

पुढचे तीन दिवस आरेखकाला ऑफिसात नीट रेघ मारता आली नाही. बुधवारी दिग्दर्शक त्याच्या टेबलाशी आले.

"दारसाहेब, मला फक्त एवढंच सांगा. शनिवारी घोडा असेल की नसेल?"

"असेल."

"खडू आणून ठेवू का?"

"असेल म्हणालो ना."

"गेल्या वर्षीसुद्धा तुम्ही ‘उघडेल’ म्हणाला होतात," दिग्दर्शक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

बुधवारी संध्याकाळी तो गच्चीवर नवी बरगडी घेऊन गेला. पहारेकऱ्याने लावू दिली नाही. वस्तूत भर घालायची परवानगी नव्हती. मग आरेखकाने हळू आवाजात दुसरं विचारलं. मागचे पाय बदलून सरळ करू का, वीस मिनिटांचं काम आहे.

"पुराव्यात फेरफार," पहारेकरी म्हणाला.

"अरे पण चूक आहे ती. सगळ्या गावासमोर चुकीचे पाय जाणार."

"कुणाला कळणार, साहेब?"

"मला."

पहारेकऱ्याने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, मग घोड्याच्या पायांकडे. "मी तीस वर्षं बघतोय ह्यांना," तो म्हणाला. "मला तर सरळच वाटतात." त्याने स्टूल थोडं सरकवून आरेखकाला कठड्यावर टेकायला जागा केली. खालून बायकोने दोघांसाठी चहा पाठवला. आणून देणारे कंपाउंडर काका तिथेच बसले आणि त्यांनी पहारेकऱ्याला गुडघेदुखीवर चार सल्ले दिले.

शेवटी दिग्दर्शक स्वतः महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटले. आस्थापनेत आयुष्य गेलेला माणूस, पत्रं कशी काढायची ते त्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी परवानगी आली. चार अटी होत्या. मानेची चिठ्ठी काढू नये. वस्तू पहारेकऱ्यापासून हातभर अंतराच्या बाहेर जाऊ नये. प्रयोगानंतर वस्तू थेट महाविद्यालयात जमा करावी. कार्यक्रमपत्रिकेत महाविद्यालयाचे सौजन्य छापावे.

"हातभर म्हणजे?" आरेखकाने विचारलं. "तो रंगमंचावर बसणार?"

"बसू दे."

"गणवेशात?"

"कुणी विचारलं तर सांगू, तो काळ आहे," दिग्दर्शक म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

शनिवारी आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी शेवटचा अंक सुरू झाला. आरेखक विंगेत उभा होता. हातात, कशासाठी ते त्यालाच ठाऊक नव्हतं, सुटलेली अठरावी बरगडी होती. पडदा वर गेला. निळ्या उजेडात घोडा उभा. शेजारी स्टुलावर पहारेकरी, काठी गुडघ्यांवर आडवी. सभागृहात कुणीतरी खोकलं आणि खोकला अर्ध्यावर थांबवला.

आरेखकाला घोड्याचे फक्त मागचे पाय दिसत होते.

नायक रोजच्या जगात आवक-जावक सांभाळायचा. त्याने गाडीवानाचं बोलणं सुरू केलं. एक मिनिट. तीन. घोडा पडला नाही. पाच. वाळू गळली नाही. आठव्या मिनिटाला नायकाने तालमीप्रमाणे हात पुढे केला, घोड्याच्या कपाळावर ठेवण्यासाठी.

"हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

त्याच्या दृष्टीने त्याने नोकरी केली. विंगेत दिग्दर्शक खाली बसले. आरेखकाने डोळे मिटले आणि हसू येण्याची वाट पाहिली. कसं येतं ते त्याला ठाऊक होतं. आधी डाव्या कोपऱ्यातून एक, मग मधून चार-पाच, मग सगळं.

आलं नाही.

नायकाचा हात हवेत राहिला होता. पुढचं वाक्य तो विसरला होता. त्याने पहारेकऱ्याकडे बघितलं, घोड्याकडे बघितलं, आणि हात हळूहळू मागे घेतला. मग तो गाडीवान, ज्याला आपल्या घोड्याला शेवटचा हातही लावता येत नव्हता, जमिनीवर बसून रडला. ते संहितेत नव्हतं. पहारेकऱ्याला अवघडल्यासारखं झालं, त्याने टोपी काढली. तेही संहितेत नव्हतं. पडदा पडला आणि टाळ्या थांबेनात.

नंतर माणसं रंगमंचावर आली. पहारेकऱ्याचे हात हातात घेतले गेले. एका वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीने त्याला विचारलं, किती वर्षं अभिनय करता. त्याने सांगितलं, तीस. आरेखक घोड्याजवळ उभा राहिला, वाटेत येणार नाही पण दिसेल असा.

"खरा सांगाडा मिळवला म्हणायचा," एक गृहस्थ चिठ्ठी वाचत म्हणाले. "कागदाबिगदाचा केला असता तर मजा गेली असती."

"हो," आरेखक म्हणाला. त्या आठवड्यातलं हे दुसरं ‘हो’.

कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं, ‘सांगाडा : पशुवैद्यक महाविद्यालय यांच्या सौजन्याने.’ दिग्दर्शकांनी येऊन त्याचा खांदा दाबला, पण तेवढ्यात त्यांना कुणीतरी ओढून नेलं. मग लेखापाल आले. घोड्याकडे बघून त्यांनी मान डोलावली.

"काय दारसाहेब, यंदा तुम्ही काही केलं नाहीत वाटतं?"

बायको शेजारीच होती. ती काही बोलणार तेवढ्यात त्याने तिच्या हाताला हात लावला. घरी जाताना ती म्हणाली, "बोलू द्यायचं होतं मला."

"काय बोलली असतीस?"

"आतला भूगोल माझा आहे, एवढं तरी."

घोडा अटीप्रमाणे महाविद्यालयाच्या गाडीतून गेला.

सोमवारी संग्रहालय उघडलं. तिथला घोडा तिथेच होता, शेवटच्या खोलीत, नव्याने जोडलेला. रंगकामानंतर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तो उभा केला होता, आणि चांगले शिकलेले असल्यामुळे त्यांनी मागचे पाय बरोबर बसवले होते. मग कपाटातून नोंदवही निघाली. घोड्यापुढे ओळखीच्या खुणा लिहिल्या होत्या. ‘मागचे पाय अदलाबदल. काही बरगड्या कागदी.’ समितीने दोन्ही घोड्यांसमोर ती नोंद वाचली. सरळ पायांचा घोडा नोंदीशी जुळला नाही. तो विनानोंद वस्तू म्हणून कोठीत गेला. उलट्या पायांचा घोडा जुळला. तो काचेमागे, मूळ जागी, ‘घोडा. हात लावू नये’ या पाटीजवळ उभा राहिला.

मंगळवारी आरेखकाला पत्र आलं. संस्थेची नोंदणीकृत वस्तू आपल्या गच्चीवर कशी आली, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.

त्या संध्याकाळपासून तो टेबलाशी बसलेला आहे. खुलाशाचे दोन मसुदे झाले. पहिल्यात खरं लिहिलं आहे. पण खरं सिद्ध करायचं तर निरीक्षकांच्या हिशोबाने छत्तीसही बरगड्या तोडाव्या लागतील, आणि मग तो घोडा त्याचा आहे हे सगळ्यांना कळेल, तेव्हा घोडा नसेल. दुसऱ्या मसुद्यात फक्त तारीख आहे.

"एक पाय कापला तरी पटेल त्यांना," बायको म्हणाली. "एवढे दगड नाहीत ते."

"कुठला?"

"मागचा. नाहीतरी चुकीचाच आहे."

 कंपाउंडर काका सहा वाजता येऊन रिकाम्या जागेसमोर बसले आणि म्हणाले, पाय बदलले असते तर आज ही वेळ आली नसती. हा अठ्ठाविसावा सल्ला.

गुरुवारी दुपारी पहारेकऱ्याचा फोन आला. त्याचा आवाज हळू होता.

"साहेब, तुमच्या घोड्याच्या खिडकीत कावळे येऊन बसलेत. तीन आहेत. प्राचार्य विचारतायत, कशाने येतात. काय सांगू?"

आरेखकाने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. गेल्या पंधरा दिवसांत ‘तुमचा घोडा’ असं त्याला हा एकच माणूस म्हणाला होता. ते त्याला पुन्हा ऐकायचं होतं, पण तसं मागता येत नाही.

"थोडं थांबा," तो म्हणाला. "सांगतो."

संध्याकाळी सहापर्यंत त्याने काही सांगितलेलं नव्हतं. तेव्हा कावळे सात होते.